पातेलं कुणी उतरवलं?

परवा आमच्या शाळेच्या ग्रुपवर एका शेफचा व्हिडिओ आला. पूरग्रस्तांच्या छावणीत हा माणूस पांढरा कोट घालून भल्यामोठ्या पातेल्यात झारा फिरवतोय, मागे बासरी वाजतीये, आणि मधेच एका म्हातारीच्या हातात ताट देताना सगळं स्लो मोशनमध्ये. मग जे व्हायचं तेच झालं. अर्धा ग्रुप म्हणाला, नाटकं आहेत सगळी, कॅमेरा नसता तर गेला असता का तिकडं? उरलेला अर्धा म्हणाला, तुम्ही सोफ्यावर बसून आजवर किती जणांना जेवायला घातलंत ते आधी सांगा. दोनशेच्या वर मेसेज झाले, दोघं जण ग्रुप सोडून गेले, आणि त्या पातेल्यात काय होतं हे एकानंही विचारलं नाही. खिचडी होती का आमटी-भात, किती जणांना पुरलं, उद्या पण असणारे का, काही नाही. सगळी चर्चा त्या माणसाच्या मनात काय असेल यावर, जणू काही आपण सगळे त्याच्या मनाचे ऑडिटर.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो म्हणजे शेवटपर्यंत वाचायची सक्ती नको. भुकेल्याला जेवण देणाऱ्या शेफचा हेतू काय आहे हा प्रश्नच बिनकामाचा आहे. त्याच्याबाबतीत विचारायचं ते एवढंच की पातेल्यात काय घातलं आणि किती घातलं, आणि त्याच्याहून मोठा प्रश्न त्याला विचारायचाच नसतो, तो सरकारला विचारायचा असतो, की हे पातेलं चुलीवरून कोण उतरवणार आणि कधी. हे दोन प्रश्न सोडून आपण तिसऱ्याच गोष्टीवर भांडतो आणि त्यात ज्याला उत्तर द्यायला हवं तो आरामात सुटतो. हे मी हवेत बोलत नाहीये, पावणेदोनशे वर्षांपूर्वी हेच भांडण जसंच्या तसं झालेलं आहे, एका फ्रेंच शेफवरून, आणि तेव्हाही लोक चुकीच्या गोष्टीवरच भांडत बसले.

त्याचं नाव आलेक्सी स्वाये. इंग्रज त्याला सॉयर म्हणायचे, मीही तेच म्हणतो, सोपं पडतं. पॅरिसच्या बाजूला मो नावाचं गाव आहे, ब्री चीजसाठी प्रसिद्ध, तिथं १८१० मध्ये गरीब घरात जन्मला. पाद्री होण्यासाठी शाळेत घातलं तर यानं मध्यरात्री चर्चच्या घंटा बडवून स्वतःला हाकलून घेतलं अशी गोष्ट सांगतात, खरी असो-नसो, माणूस तसाच होता. १८३० मध्ये पॅरिसला क्रांती झाली, त्यानंतर हा लंडनला आला, तिथं भाऊ आधीच एका ड्यूककडे स्वयंपाकी होता. आधी दोन-चार उमरावांकडे नोकऱ्या केल्या आणि १८३७ मध्ये रिफॉर्म क्लबचा मुख्य शेफ झाला. हा क्लब म्हणजे व्हिग पक्षाच्या आणि सुधारक मंडळींचा अड्डा, आणि लंडनच्या पॅल मॅल रस्त्यावर त्याची नवी इमारत झाली तेव्हा तिथलं किचन सॉयरनं असं बनवलं की लोक ते बघायला यायचे. गॅसच्या शेगड्या, पाण्यानं गार ठेवलेली कपाटं, आच कमी-जास्त करता येणारी ओव्हन, त्या काळात हे म्हणजे चमत्कारच. आणि हा स्वतः पाहुण्यांना फिरवून दाखवायचा. कपडे तिरप्या कापाचे, टोपी तिरकी, व्हिजिटिंग कार्डसुद्धा तिरकं. सॉसच्या बाटलीवर स्वतःचा चेहरा. आजच्या भाषेत ब्रँड म्हणतो ना, तो यानं विक्टोरिया राणी नुकती गादीवर बसलेली असताना उभा केला होता.

१८४६ च्या जुलैत इजिप्तचा इब्राहिम पाशा लंडनला आला, त्याच्यासाठी क्लबात मेजवानी, आणि शेवटी गोड म्हणून सॉयरनं मेरिंगचा पिरॅमिड आणला, आत अननसाचं क्रीम, टोकावर पाशाच्या बापाचं चित्र. पेपरवाले वेडे झाले. त्याच उन्हाळ्यात समुद्रापलीकडे, तेव्हा लंडनच्याच राज्यात असलेल्या आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक सलग दुसऱ्या वर्षी काळं पडून शेतात सडत होतं. ऐंशी लाखांच्या देशात कितीतरी लाख लोक निव्वळ बटाट्यावर जगायचे, म्हणजे अक्षरशः सकाळ-संध्याकाळ बटाटा आणि जमलं तर ताक. ते गेलं म्हणजे सगळंच गेलं. १८४५ ते १८५२ या काळात साधारण दहा लाख माणसं उपासमारीनं आणि तापानं मेली आणि तेवढीच जहाजात बसून देश सोडून गेली.

१८४७ च्या फेब्रुवारीत सॉयरनं पेपरांना पत्रं लिहायला सुरुवात केली की स्वस्तात पौष्टिक सूप कसं करता येईल ते मी दाखवतो. सरकारनं त्याला डब्लिनला बोलावलं. रॉयल बराक्स या लष्करी बराकींच्या समोर लाकडाची एक मोठी शेड उभी केली, साधारण ४८ फूट लांब आणि ४० फूट रुंद. मधोमध ३०० गॅलनचा बॉयलर, बाजूला पाव भाजायची भट्टी, आणि कडेनं अरुंद टेबलं, त्यात भोकं पाडून वाडगे आतच बसवलेले आणि प्रत्येक वाडग्याला चमचा साखळीनं बांधलेला. बाहेर नागमोडी रांग. घंटा वाजली की शंभर माणसं आत, प्रार्थना, सहा मिनिटं खायला, परत घंटा, दुसऱ्या दारानं बाहेर आणि बाहेर पडताना हातात पाव पाउंड पाव. तेवढ्यात वाडगे धुवून पुढच्या शंभरांसाठी तयार. काही आठवड्यांत दिवसाला आठ हजारांच्या वर माणसं इथं जेवायला लागली. त्याआधी सूप किचन नव्हती असं नाही, क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी कितीतरी चालवली होती आणि गाजावाजा न करता चालवली होती, पण इतक्या वेगानं, इतक्या कमी जळणात, इतक्या माणसांना खाऊ घालायची मशीन कुणी बांधली नव्हती.

आता त्याच्या विरोधातलं जे आहे ते मी लपवणार नाही, कारण ते खरोखर वाईट आहे. ५ एप्रिलला उद्घाटन झालं तेव्हा डब्लिनच्या बड्या लोकांना निमंत्रण होतं, आणि पाच शिलिंग देणगी दिली की आत उभं राहून गरिबांना सूप पिताना बघायची सोय होती. रेशमी झगे घातलेल्या बायका आणि लष्करी अधिकारी भिंतीला टेकून उभे, आणि समोर शंभर उपाशी माणसं साखळीच्या चमच्यानं खातायत. डब्लिनच्या एका पेपरानं लिहिलं की प्राणिसंग्रहालयात जनावरांना खाताना बघायला सहा पेन्स पडतात, इथं माणसं बघायला पाच शिलिंग (म्हणजे दहापट). यावर सॉयरचा बचाव काय करणार? पैसे गरिबांनाच गेले म्हणता येईल, पण ज्यानं त्या दिवशी त्या रांगेत उभं राहून वाडगा चाटला त्याला हे उत्तर तोंडावर देऊन बघा. आमच्या ग्रुपवरच्या स्लो मोशनवाल्या म्हातारीला विचारलं होतं का कुणी? तेव्हा व्हिडिओवर चिडणाऱ्यांचा हा मुद्दा मला शंभर टक्के मान्य आहे.

दुसरं म्हणजे सूपच पातळ होतं. हे नुसतं ऐकून बोलत नाही, मी करून बघितलंय. त्याची पहिल्या नंबरची रेसिपी अशी: पाव पाउंड बीफ, दोन औंस चरबी, दोन कांदे, सलगमची सालं आणि लीक-सेलरीचा हिरवा पाला जो एरवी फेकून देतात, अर्धा पाउंड साधं पीठ, अर्धा पाउंड जव, तीन औंस मीठ, थोडी ब्राऊन शुगर, आणि पाणी दोन गॅलन. दोन गॅलन म्हणजे नऊ लिटर! एका माणसाचा एक क्वार्ट, म्हणजे सव्वा लिटरहून जरा कमी, असा मी आठव्या भागाचा हिशोब करून रविवारी गॅसवर ठेवलं. मांसाचा वाटा निघाला चौदा ग्रॅम, सुपारीएवढा एक तुकडा. चरबीऐवजी तूप घेतलं. दीड तासानं जे तयार झालं ते आपल्या पिठाच्या पेजेसारखं, रंग मळकट, चव अगदी वाईट नाही, जवामुळे जरा दाताखाली काही तरी येतं. बायकोनं चमचाभर घेऊन विचारलं आजारी कोण आहे? मी पूर्ण वाडगा प्यायलो, पोट टम्म फुगलं आणि दीड तासात परत कावळे ओरडायला लागले. कॅलरी मोजल्या तर सगळं मिळून तीनशेच्या आसपास, वरचा पाव धरला तर सहाशेला टेकेल. सॉयरचा दावा मात्र असा की दिवसातून एकदा पोटभर हे सूप आणि एक बिस्किट, धडधाकट माणसाला पुरून उरेल. 'लॅन्सेट' या डॉक्टरांच्या साप्ताहिकानं तेव्हाच याची सालं काढली होती, सरळ भोंदूगिरी म्हणाले. आयर्लंडमधले डॉक्टरही सांगत होते की अशक्त आणि हगवण लागलेल्या माणसाला असलं पाणीदार खाणं उलट बाधतं. डॉक्टर बरोबर होते, शेफ चूक होता. आणि जो शेफ पुढं १८५० मध्ये यॉर्कला प्रिन्स अल्बर्टसाठी शंभर गिनींची, म्हणजे शंभर पौंडांच्या वरची, एक डिश करतो, पाच कासवांची डोकी आणि शेकडो पक्ष्यांचे नुसते निवडक तुकडे, त्यानं चौदा ग्रॅम मांसाला पौष्टिक म्हणणं हे ऐकून आजही डोकं फिरतं.

पण बघा, लॅन्सेटची टीका कशी होती. 'हा माणूस ढोंगी आहे' एवढ्यावर ती थांबत नाही, ती वाडग्यात घन अन्न किती औंस आहे ते मोजते. ही टीका उपयोगाची, कारण तिचं उत्तर पीठ वाढवून देता येतं. ढोंगी आहेस या आरोपाचं उत्तर कसं देणार, छाती फाडून?

आता सगळ्यात वजनदार आक्षेप. तो असा की असल्या सूपवाटपानं मूळ दुखणं झाकलं जातं, सरकारला हात झटकता येतात, शेफची वाहवा होते आणि व्यवस्था तशीच राहते. आमच्या ग्रुपवर एका शहाण्या मित्रानं हेच लिहिलं होतं, आणि एरवी मी त्याच्याच बाजूचा माणूस आहे. पण १८४७ चं आयर्लंड बघितलं की हा आक्षेप जवळजवळ उलटाच करून ठेवावा लागतो.

त्या दुष्काळाचं काम बघणारा लंडनमधला मुख्य अधिकारी म्हणजे ट्रेझरीचा, अर्थखात्याचा, चार्ल्स ट्रेव्हेल्यन. फुकट अन्न दिलं की लोक आळशी होतात, बाजार बिघडतो, दुखणं मुळातून बरं करायला हवं हे त्याचं ठाम मत. म्हणजे 'वरवरची मलमपट्टी नको, व्यवस्था बदला' हे वाक्य त्या दुष्काळात सगळ्यात जास्त कोण वापरत होतं, तर उपाशी माणसाच्या हातातलं काढून घेणारा! त्याच्या धोरणानुसार १८४६-४७ च्या थंडीत फुकट जेवणाऐवजी रस्त्याची कामं काढली, मार्च १८४७ मध्ये सात लाखांच्या वर माणसं त्या कामांवर होती. अंगावर धड कपडा नाही, पोटात अन्न नाही, बर्फात दगड फोडतायत, मजुरी महागाईला पुरत नाही, आणि ते रस्ते कितीतरी ठिकाणी कुठंच जात नव्हते, आजही आयर्लंडमध्ये डोंगरात मधेच संपणारे ते रस्ते दाखवतात. लोक कामावरच मरून पडायला लागले तेव्हा कुठं सरकारनं सूप किचनचा कायदा केला, आणि तोही कसा, तर आधी २० मार्चला कामावरच्या माणसांत वीस टक्के कपात केली आणि किचनं कितीतरी ठिकाणी अजून सुरूच नव्हती. मधल्या आठवड्यांत लोकांनी काय खायचं हे फाइलवर कुणी लिहिलेलं दिसत नाही.

तरीही ती किचनं सुरू झाली. आणि जुलै १८४७ मध्ये आयर्लंडभर दिवसाला तीस लाख माणसांना शिजवलेलं अन्न मिळत होतं. तीस लाख, रोज! रेल्वे जेमतेम, फ्रिज नाही, ट्रक नाही. पातळ तर पातळ, पण त्या उन्हाळ्यात मरणाचा आकडा खाली आला, आणि खर्च ठरवल्यापेक्षा कमी झाला. म्हणजे सरकारला जमत होतं. ज्याला सगळे अशक्य म्हणत होते ते तीन-चार महिन्यांत करून दाखवलेलं होतं. मग पुढं काय झालं? ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत एकेक किचन बंद. कारण कायद्याचं नावच तात्पुरत्या मदतीचा कायदा. त्या वर्षी बटाट्यावर रोग कमी होता, पण बियाणंच खाऊन टाकलेलं असल्यामुळे लागवडच थोडी झाली होती, हे सगळ्यांना दिसत होतं. तरी पातेलं उतरवलं. पुढची जबाबदारी आयर्लंडच्याच कर भरणाऱ्यांवर आणि वर्कहाउसांवर, म्हणजे निराधारांना कामाच्या अटीवर ठेवून घेणाऱ्या आश्रमांवर, टाकली, आणि वर एक अट, की ज्याच्याकडे पाव एकराहून जास्त जमीन आहे त्याला ती सोडल्याशिवाय मदत नाही. म्हणजे आज जेवायचं तर उद्याचं शेत सोड. पैसे नव्हते म्हणाल तर याच सरकारी तिजोरीतून १८३३ च्या कायद्यानं गुलामांच्या मालकांना दोन कोटी पौंड भरपाई दिलेली होती, गुलामांना नाही बरं का, मालकांना. दुष्काळावर तिजोरीनं सगळं मिळून त्याच्या निम्मेही घातले नाहीत.

आणि एप्रिल १८४८ मध्ये ट्रेव्हेल्यनला आयर्लंडच्या कामाबद्दल सर ही पदवी मिळाली. सॉयरला सरकारनं कसलाच किताब कधी दिला नाही, त्याच्या वाट्याला टिंगल आली. गरिबांचं सूप म्हणजे गरीब सूप, असले विनोद पेपरांत छापून यायचे. मला सांगा, या गोष्टीत ढोंगी कोण, तिरकी टोपीवाला का? सगळ्या शहाण्या टीकाकारांनी सूपच्या पातळपणावर आणि शेफच्या नटवेपणावर शाई सांडली, आणि ज्यानं किचनाला तारीख घालून दिली होती तो पदवी घेऊन घरी गेला. बरं, साखळीनं बांधलेले चमचे ही सॉयरची करामत हे खरं, पण शिजवलेलंच द्यायचं, कोरडं पीठ द्यायचं नाही, हा हट्ट ट्रेझरीचा होता. कारण काय, तर कोरडं पीठ लोक साठवतील, विकतील, आणि शिजवलेलं रांगेत उभं राहून घ्यायला लाज वाटते म्हणून खरा गरजूच येईल. अपमान हा त्या योजनेत चुकून आलेला नव्हता, गाळणी म्हणून मुद्दाम बसवलेला होता. काही गावांत लोकांनी चिडून बॉयलर फोडले, आम्हाला पीठ द्या म्हणून, ते उगीच नाही.

इथं कुणी म्हणेल हे सगळं तिकडचं, आपल्याला काय. तर हाच ट्रेव्हेल्यन १८५९ मध्ये मद्रासचा गव्हर्नर होऊन आला आणि पुढं कलकत्त्याला सरकारचा अर्थखात्याचा मेंबर झाला. आणि तो गेला तरी त्याचं डोकं इथंच राहिलं. रिचर्ड टेंपल या इंग्रज अधिकाऱ्याचं उदाहरण तर फारच बोलकं आहे. १८७४ मध्ये बिहारकडे दुष्काळ पडला तेव्हा या टेंपलनं ब्रह्मदेशातून तांदूळ आणून लोक वाचवले, मेलेल्यांचा आकडा अगदी किरकोळ राहिला, आणि त्याबद्दल त्याला शाबासकी मिळाली नाही, उधळ्या म्हणून शिव्या मिळाल्या. गड्यानं धडा घेतला. १८७७ च्या दुष्काळात मद्रास आणि आपल्या दख्खनमधल्या दुष्काळी कामांवर त्यानं मजुरी बसवली दिवसाला एक पाउंड धान्य आणि वर एक आणा, तेही पुरुषाला, बायकांना-पोरांना त्याहून कमी. मद्रासचे डॉक्टर कॉर्निश ओरडून सांगत होते की एवढ्यावर राबणारं शरीर टिकत नाही, म्हणजे परत तेच लॅन्सेटचं भांडण. दख्खनमध्ये मजुरांनी कामं सोडली, पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या मागे उभी राहिली. त्याच वर्षी जोतीरावांनी धनकवडीला व्हिक्टोरिया बालाश्रम काढून दुष्काळी पोरांना जेवायला घातलं. आता सांगा, राणीचं नाव दिलं म्हणून जोतीरावांच्या हेतूवर शंका घेत बसायचं, का पोरांच्या ताटात काय पडलं ते बघायचं? आणि जोतीरावांनी पोरं जेवू घातली म्हणून टेंपलची मजुरी माफ झाली का? नाही ना. दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालतात, चालल्या पाहिजेत.

पुढची शंभर वर्षं मी उडी मारून जातो. १९७२ चा दुष्काळ. माझी आजी बीडकडची, ती पाझर तलावाच्या कामावर होती, आणि तिथं मदत म्हणून खायला मिळणाऱ्या सुकडीचं नाव काढलं की तिचा चेहरा बदलायचा. तो वास तिला शेवटपर्यंत सहन व्हायचा नाही, पण सुकडी नसती तर तुझा बाप नसता हे पण तीच सांगायची. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या जवळपास माणसं होती. आणि इथं आयर्लंडपेक्षा एक गोष्ट वेगळी झाली. दुष्काळ सरल्यावर विषय संपला असं न म्हणता विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागेंसारखी माणसं मागे लागली आणि रोजगार हमीचा कायदा झाला, १९७७ मध्ये मंजूर, २६ जानेवारी १९७९ पासून लागू. त्यातल्या हजेरीपत्रकांच्या भानगडी मला माहीत आहेत, खोट्या सह्या, कागदावरचे बंधारे, सगळं. पण मागेल त्याला काम देणं हे सरकारवर बंधन झालं, कुणा साहेबाची मर्जी राहिली नाही, तात्पुरता हा शब्द गेला. 'मदत की व्यवस्था' असा जो वाद आपण घालतो तो आजीसारख्या माणसाला कळणारच नाही, कारण तिच्या आयुष्यात सुकडीही आली आणि कायदाही.

सॉयरकडे परत येतो, कारण त्याची गोष्ट डब्लिनला संपली नाही आणि हेतूवाल्या वादाचं सगळ्यात चांगलं उत्तर पुढंच आहे. १८५० मध्ये त्यानं क्लब सोडला, १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी जगातल्या सगळ्या पदार्थांचं टोलेजंग रेस्टॉरंट काढलं आणि त्यात सात हजार पौंडांना बुडाला. मग १८५५ च्या फेब्रुवारीत 'टाइम्स'मध्ये पत्र, की रशियाशी चाललेल्या क्रिमियाच्या युद्धात आपले जखमी सैनिक नीट जेवणाशिवाय मरतायत, मी स्वतःच्या खर्चानं जातो. प्रसिद्धीसाठी? असेलही, सूप किचनच्या टिंगलीवर आणि बुडालेल्या रेस्टॉरंटवर उतारा म्हणून असेल, मला काय करायचंय. इस्तंबूलच्या बाजूला स्कुटारीच्या लष्करी हॉस्पिटलात जाऊन त्यानं काय बघितलं तर मांसाचे तुकडे घट्ट बांधून एका मोठ्या तांब्याच्या भांड्यात उकळत टाकलेले, आणि आपला तुकडा ओळखू यावा म्हणून कुणी लाल चिंधी बांधलीये, कुणी जुनी बटणं, एकानं तर कात्री. बाहेरचं मांस शिजून चोथा, आतलं कच्चं. आणि ज्या पाण्यात ते उकळलं ते, म्हणजे सगळा कस ज्यात उतरला ते, ओतून द्यायचे! सॉयरनं ते पाणी थांबवलं. तुकडे मोकळे बांधा, आच कमी करा, रस्सा ठेवा, त्यातच जव आणि भाज्या घाला. रोज बदलणाऱ्या शिपायांऐवजी कायमचे स्वयंपाकी शिकवून तयार केले. चहाची पूड फडक्यात इतकी आवळून टाकायचे की पाण्याला रंगच यायचा नाही, तर त्यासाठी गाळणी असलेली मोठी किटली केली. आणि रणांगणासाठी एक शेगडी, पिंपासारखी, कमी लाकडात पन्नास माणसांचं शिजवणारी, जिचा धूर शत्रूला फारसा दिसत नाही. ब्रिटिश आर्मीनं तिची नंतरची रूपं शंभराच्या वर वर्षं वापरली.

डब्लिनमध्ये चुकलेला माणूसच आठ वर्षांनी हे करतो, आणि तेही तीच तिरकी टोपी घालून. स्वभाव तोच, आत्मप्रौढी तीच, मग फरक कुठं पडला? सामानात. इथं मांस होतं, रेशन होतं, डॉक्टर शेजारी होते, आणि त्याला फक्त ते वाया जाणं थांबवायचं होतं. आयर्लंडमध्ये त्याला मुळात नसलेल्या अन्नाचं सूप करायला सांगितलं होतं, आणि ते कुठल्याच शेफला जमणार नाही. त्या युद्धात जखमींची शुश्रूषा करणारी फ्लॉरेन्स नाइटिंगेल, जिला उगीच कुणाचं कौतुक करायची सवय नव्हती, ती सॉयर गेल्यावर म्हणाली की बाकीच्यांनी पाककला चैनीसाठी नाहीतर दिखाव्यासाठी शिकली, खूप माणसांना पौष्टिक आणि काटकसरीत कसं जेवू घालावं याचा अभ्यास या एकानंच केला. दिखाव्याचा बादशहा असलेल्या माणसाबद्दल हे वाक्य! तो ५ ऑगस्ट १८५८ ला गेला, पन्नाशीसुद्धा गाठली नाही, आणि शेवटच्या दिवसांत आर्मीसाठी चालत्या किचनगाडीवर काम करत होता.

स्वयंपाक येणारा माणूस लागतो म्हणजे काय ते मी स्वतः एकदा बघितलंय. ऑगस्ट २०१९, सांगलीत पाणी भरलं होतं, आम्ही पाच-सहा जण एका मंगल कार्यालयात मदतीच्या स्वयंपाकाला गेलो होतो, उत्साह भरपूर, अक्कल शून्य. आम्ही पुऱ्या लाटायला काढल्या कारण टिकतात. तिथला आचारी, साठीचा माणूस, म्हणाला, "पुऱ्या नगा दिऊ सायेब, त्येलकट खाऊन पोरं पाणी मागत्यात, आन् तिकडं प्यायचं पाणी कुठं हाय?" मग त्यानं पातळसर मुगाची खिचडी लावली, आणि एक वेगळं पातेलं बिनतिखटाच्या मऊ भाताचं, म्हाताऱ्यांसाठी आणि तान्ह्यांच्या आयांसाठी. मीठ ओंजळीनं, एकदाही चाखलं नाही, आणि बरोबर पडलं. दुपारी कुठल्याशा चॅनेलवाले आले तर या गड्यानं आधी फडक्यानं तोंड पुसलं, मिशीला पाण्याचा हात लावला, झारा घेऊन पोझ दिली, आणि ते गेल्यावर आम्हाला विचारलं, रात्री किती वाजता दाखवतील? आता याला ढोंगी म्हणू? सातशे माणसं जेवली त्या दिवशी.

आणि आजही जगात हाच प्रश्न फिरतोच आहे. अमेरिकेत राहणाऱ्या होसे आंद्रेस या स्पॅनिश शेफनं २०१० मध्ये हैतीच्या भूकंपानंतर जी वर्ल्ड सेंट्रल किचन ही संकटात जेवण पुरवणारी संस्था काढली तिच्यावरही पब्लिसिटीचा शिक्का मारणारे भेटतात, आणि १ एप्रिल २०२४ ला गाझात तिचे सात कार्यकर्ते इस्रायली हल्ल्यात मारले गेले तेव्हा पातेलं कोण उतरवतं हा प्रश्न किती शब्दशः घ्यायचा असतो ते कळलं.

ग्रुपवर मी हे सगळं लिहिलं नाही, कोण वाचणार. व्हिडिओ परत एकदा बघितला, आवाज बंद करून, थांबवत थांबवत. पातेलं साधारण दोनशे लिटरचं असावं, तांदूळ बराच, डाळ मात्र कमी वाटली, बाजूला तेलाचे डबे दोन, पाण्याचा टँकर कुठं दिसला नाही. मग एवढंच टाकलं की हे किचन कुठपर्यंत चालू आहे, आणि ते गेल्यावर त्या छावणीचं रेशन तहसीलकडून येणारे का, कुणाला माहितीये? दोन जणांनी अंगठा दिला. उत्तर अजून आलेलं नाही.